तपासायला गेलेला तुकडा

ओढ्यावरचा पूल लागला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. जनकाबाई पुलाच्या कठड्याला टेकली. चपलेत खडा गेलाय म्हणाली आणि तो काढायच्या निमित्ताने गरजेपेक्षा जास्तच वेळ वाकून बसली. नरसी अजून दोन कोस होती. दिवस उगवायच्या आधी गावातून निघून जेवढं चालून झालं होतं, तेवढंच अजून चालायचं होतं.

"फाट्यावर जीप बघू का मावशी?" मंजुषाने विचारलं.

"जीपनंच जायचं व्हतं तर घरी काय वाईट व्हते मी?"

"तसं न्हाई. डॉक्टरनं दगदग करू नका म्हणून सांगितलंय."

"तुला सांगितलं का? मला तर कायबी सांगितलं न्हाई." जनकाबाईने खडा बोटाने उडवला आणि चप्पल पायात सरकवली. "चल. माझ्याहून सोळा वर्सानं ल्हान, अन् म्हशीवानी हापून राहिली."

"म्हैस तरी बरी. तिला कुणी एकादशीला चालायला लावत न्हाई."

जनकाबाई हसली. हसली म्हणजे ओठ हलले, बाकी चेहरा होता तसाच राहिला. चार पावलं गेल्यावर तिने पोलक्यातली प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातला बटनांचा मोबाईल काढला, डोळ्यांजवळ धरून रेंजच्या दांड्या बघितल्या आणि परत ठेवला. पुलाच्या अलीकडेही तिने एकदा बघितलं होतं. त्याआधी टेकाडावर. मंजुषाने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

दर वद्य एकादशीला जनकाबाई नामदेवांच्या नरसीला पायी जाते त्याला आता बारा वर्षं झाली. तिचा नवरा उत्तमराव गेला त्या सालापासून तिचं हे सुरू झालं. नवस नाही, नेम नाही, कुणाला काही सांगितलेलं नाही. पहिल्या वर्षी एकटीच गेली. मग गल्लीतल्या बायका एकेक करून तिच्या मागे लागल्या आणि सात-आठ जणींचा घोळका झाला. बोलत, एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढत चार कोस कसे जायचे ते कळत नसे. ह्या एकादशीला मात्र कुणी आलं नाही. एकीची खुरपणी होती, एकीची सून बाळंत व्हायची होती. जिची काहीच अडचण नव्हती तिने जनकाबाईच्याच दंडावर हात ठेवून सांगितलं, "तुमी आराम करा बाई, देव कुठं पळून चालला?" खरं कारण जनकाबाईला ठाऊक होतं. चार कोस तिच्या शेजारी चालायचं तर बोलायचं काय, हा प्रश्न सगळ्यांना पडला होता. मंजुषा गल्लीतलीच, अंगणवाडीत सेविका. रविवार होता, लेकरांना सुट्टी होती. ती आली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन दोन पानांवर आलं होतं. मधेच एका वावरात हळदीचे वाफे दिसले, नुकत्याच लावलेल्या बेण्याला सुईएवढे हिरवे कोंब आलेले. जनकाबाई सवयीने थांबली. वाकून माती चिमटीत घेऊन बघितली.

"पाणी जास्त देऊन राहिला ह्यो," ती म्हणाली. "कंद सडल."

"ओळखीचं वावर हाय का?"

"न्हाई. हळद ओळखीची हाय."

ते खरंच होतं. जनकाबाई हळदीवर एकोणीस वर्षं राबली. स्वतःची जमीन दीड एकर, तीही माळाची. पोट भरलं ते दुसऱ्यांच्या हळदीवर. माघ-फाल्गुनात हळद निघाली की ती शिजवायची, वाळवायची, मग पॉलिशच्या ड्रममध्ये फिरवून साफ करायची, हे काम उन्हाळाभर चालतं. पूर्वी कढया होत्या, आता ट्रॅक्टरमागे कुकर आले. पण हळद शिजली की नाही हे सांगायला अजूनही जनकाबाईलाच हाक मारत. ती तुराटीची एक काडी घ्यायची, वाफाळत्या ढिगातलं एक हळकुंड उचलायची, काडी आरपार गेली की म्हणायची, "उतरवा." एक हळकुंड बघून ती अख्ख्या ढिगाचं सांगायची, आणि तिचं सांगणं चुकलेलं कुणाला आठवत नाही.

हंगामात ती गल्लीच पिवळी होते. बायकांचे हात, मानेच्या वळ्या, पुरुषांच्या बनियनी, लेकरांच्या शाळेच्या शर्टाच्या कॉलरी. मोरीतून वाहणारं पाणी पिवळं. म्हणून ह्या वर्षी चैत्रात जनकाबाईचे डोळे पिवळे झाले ते कुणाला दिसलं नाही. पिवळ्यात पिवळं काय दिसणार? अंगाला खाज सुटली, रात्र रात्र ती पाठ दाराच्या चौकटीला घासायची. पण ड्रमच्या धुळीने खाज सगळ्यांनाच सुटते. अन्नावरची वासना गेली. उन्हाळ्यात कुणाला भूक लागते? प्रत्येक गोष्टीला जवळच एक कारण बसलेलं होतं.

वैशाख संपला, ड्रम बंद झाले. बायका चार-सहा वेळा साबणाने घासून न्हाल्या आणि आपापल्या मूळ रंगावर आल्या. जनकाबाई आली नाही. एक दिवस हौदावर धुणं धुताना शेजारणीने तिचा हात धरला आणि म्हणाली, "अगं माय, तू अजून कशी उतरली न्हाईस?"

मग तिला जळबाकडे नेलं.

जळबा शेजारच्या वाडीत कावीळ उतरवतो. पितळेची परात, तिच्यात रोग्याने हात धरायचे, वरून तो चुन्याची निवळी ओतणार, तोंडाने काहीतरी पुटपुटणार, हातावर झाडपाला चोळणार. परातीतलं पाणी पिवळसर झालं की कावीळ निघाली. जनकाबाईचे हात परातीवर धरले, निवळी पडली, आणि पाणी लाल झालं. कुंकू कालवल्यासारखं लालभडक. जळबा दोन पावलं मागं सरला. त्याच्या उभ्या जन्मात असं झालं नव्हतं.

"लई जालीम व्हती," तो म्हणाला, "पण निघाली! समदी निघाली!"

सोबतच्या बायकांनी हात जोडले. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता हळदीत चुना पडला की ती लाल होते हे कुणाला ठाऊक नाही? पाय मुरगळला की हळद-चुन्याचा लेप लावतात तो कसला लाल होतो! जनकाबाईच्या नखांत, हाताच्या रेघांत एकोणीस वर्षांची हळद मुरलेली. तिला त्याच क्षणी कळलं होतं की परातीत काय झालं. पण सगळ्या हात जोडून उभ्या होत्या, आणि समदी निघाली हे ऐकायला इतकं गोड वाटलं की तिनेही हात जोडले. ह्या एका गोष्टीपायी पंधरवडा गेला. हे तिने आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

आता चालता चालता मंजुषाला सांगितलं.

मंजुषा रस्त्यातच उभी राहिली. "मावशी! तुमाला कळलं व्हतं?"

"व्हय."

"मग काहून बोलला न्हाई?"

"बोलून काय करू? मला बरं व्हायचं व्हतं न."

मंजुषाने पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि चालायला लागली.

पुढचं मंजुषाला माहीत होतं. जनकाबाईच्या दिराचा मुलगा दिपक, सेनगावला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. त्याने काकूला बघितलं, कपाळावर हात मारला आणि दुसऱ्याच दिवशी गाडी करून नांदेडला नेलं. एका मोठ्या दवाखान्यात दाखवलं. पित्ताची नळी कशाने तरी दाबली गेली आहे, असं निघालं. तोंडातून दुर्बीण घालून आत बारीक नळी बसवली, आणि जिथे दाबलं होतं तिथला एक तुकडा काढून तपासायला पाठवला. तपासून यायला आठ-दहा दिवस लागतील, फोन करू, असं तिथली पोरगी म्हणाली. आज नववा दिवस होता.

नळी बसवल्यावर खाज थांबली. डोळे निवळायला लागले. गल्लीतल्या बायका रोज येऊन तिची हनुवटी उचलून बघायच्या आणि खूष व्हायच्या. "तोंडावर कळा आली बघ! झाली तू बरी!" जनकाबाई व्हय म्हणायची. सगळ्यांच्या बोलण्यात दुखणं उतरत चाललं होतं. त्या तुकड्याचं नाव कुणी काढत नव्हतं. तो नांदेडात कुठल्या तरी बाटलीत होता आणि त्याची आठवण धरून बसलेली ती एकटीच.

हे नऊ दिवस तिने कसे काढले ते सांगण्यासारखं काही नाही, म्हणूनच सांगायला अवघड. भांडी घासून झाली की परत घासायची. अंगण दोनदा झाडायचं. कुणाच्या घरी जाऊन बसावं तर फोनला रेंज फक्त तिच्या उंबऱ्यात. म्हणून ती उंबऱ्यातच बसायची, मांडीवर मोबाईल. वाजला की पहिल्या घंटीलाच कानाला लावायची. बहुतेकदा कंपनीचा फोन असायचा, कुठली तरी बाई गाण्याच्या सुरात योजना सांगायची. जनकाबाई तो शेवटपर्यंत ऐकायची. न जाणो, शेवटी रिपोर्टचं काही सांगायची. मधे मधे "व्हय बाई, व्हय" असंही म्हणायची. बाई बोलून थांबायची आणि घर पुन्हा सुनं व्हायचं. एकदा तर तिला त्या बाईचा आवाज बरा वाटला. दिवसभरात तेवढंच कुणीतरी तिच्याशी बोललेलं असायचं, बरी झालीस असं न म्हणता.

"मंजे," ती आता म्हणाली, "बाजारात आडत्यापुढं हळद ओतली की तो काय करतो?"

"हळकुंड मोडून बघतो."

"तसंच मला झालंय. मोडून घेतलंय, आन तो आडत्या बोलून न्हाई राहिला."

"काही निघणार न्हाई मावशी. चांगलंच निघल."

"तुला काय माहीत?"

"मला वाटतं तसं."

"मलाबी वाटतं," जनकाबाई म्हणाली. "सकाळी वाटतं. दुपारून न्हाई वाटत."

नरसीला पोचल्या तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. कयाधू नदीला पाणी बेताचंच होतं. दोघींनी पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. एकादशी असून गर्दी फार नव्हती. पेरण्या आटपून लोक वावरात गुंतलेले. नारळ-फुलांच्या दुकानांत दुकानदार माशा हाकत बसले होते. एका दुकानातल्या म्हाताऱ्याने जनकाबाईला ओळखलं.

"माउली, ह्या डाव दोघीच? पलटन कुठं हाय?"

"पलटनीला सुट्टी दिली," जनकाबाई म्हणाली.

"आन तब्येत उतरल्यावानी दिसती?"

"उन्हाळा झाला की उतरतीच."

त्याने तुळशीचा हार कागदात बांधून दिला. जनकाबाईने बघितलं, नेहमीपेक्षा मोठा होता.

मंदिरात समाधीपुढे ती उभी राहिली तेव्हा मात्र तिचं अडलं. बारा वर्षांत तिने इथे काही मागितलं नव्हतं. आज मागायचं ठरवून आली होती. वाटेने शब्दही जुळवले होते. पण हात जोडल्यावर मनात आलं, मागायचं तर काय? तुकडा काढून झाला. त्यात जे आहे ते आहेच. चांगलं असेल तर असेल, वाईट असेल तर असेल. पेरून झाल्यावर वावरात उभं राहून, ज्वारीचं हरभरा होऊ दे असं कुणी म्हणतं का? नामदेवांना असल्या कोड्यात टाकणं तिला बरं वाटेना. ती नुसतीच उभी राहिली. मागच्या बाईने "सरका न बाई" म्हटलं तेव्हा सरकली. हार वाहायचा हातातच राहिला होता, तो परत वळून वाहिला.

मंजुषाने तिच्या वाटचं बरंच काही मागून घेतलं असावं. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ भराभर हलत होते.

बाहेर लिंबाखाली ओटा आहे. तिथे बसून मंजुषाने डबा उघडला. भगर होती, शेंगदाण्याची आमटी बिनतिखटाची, जनकाबाईला सोसेल अशी मुद्दाम केलेली. जनकाबाईने दोन घास खाल्ले आणि तिसरा बोटांनी चिवडत बसली. तेवढ्यात फोन वाजला.

दोघींचेही हात गेले. जनकाबाईचा पोलक्याकडे, मंजुषाचा पिशवीकडे. वाजत होता मंजुषाचा.

मंजुषाने पडद्यावर बघितलं, "आलेच मावशी," म्हणाली आणि उठून गेली.

उठून गेली हे जनकाबाईला लागलं. मंजुषा फोन कधीच बाजूला जाऊन घेत नाही. नवऱ्याचा असो, अंगणवाडीच्या सुपरवायझर बाईचा असो, गल्लीत उभी राहून मोठ्याने बोलते, त्यावरून तिला सगळे हसतात. आज ती पार नळापर्यंत गेली. पाठ वळवून उभी राहिली. एक हात कानावर, दुसऱ्या हाताने नळाची तोटी उगाच घट्ट करत होती.

जनकाबाई ओट्यावर बसून तिची पाठ बघत राहिली. नांदेडला अशीच एक पाठ तिने बघितली होती. डॉक्टरने दार किलकिलं करून विचारलं, "पेशंटचे नातेवाईक कोण?" दिपक उठून आत गेला. दाराला काच होती, तिच्यातून दिपकची पाठ दिसत होती. ती बाकड्यावर बसून त्या पाठीवरून काही कळतंय का ते बघत होती. बाहेर येऊन दिपक म्हणाला होता, "काही न्हाई काकू, नॉर्मल हाय. चहा घेता का?"

मंजुषा परत आली. डब्याचं झाकण हातात घेऊन खाली बसली.

"कोण व्हतं?"

"असंच. दिपकभाऊ. पोचलात का म्हणून इचारलं."

"मला काहून केला न्हाई फोन?"

"तुमचा लागत नसल."

जनकाबाईने मोबाईल काढला. दांड्या भरलेल्या होत्या, पूर्ण चार. तिने तो मंजुषापुढे धरला.

मंजुषाने एकदा मोबाईलकडे बघितलं, एकदा देवळाच्या शिखराकडे. देवाच्या दारात बसून, एकादशीच्या दिवशी खोटं बोलणं तिच्याच्याने पुढे रेटवेना.

"मावशी, रिपोर्ट आलाय," ती म्हणाली. "उद्या अकरा वाजता दवाखान्यात मिळणार. आज रविवार, डॉक्टर न्हाईत, आन काय निघालं ते फोनवर सांगत न्हाईत. दिपकभाऊ म्हणले, मी एकटाच जाऊन आणतो. काकूला आताच कळू देऊ नका, आधी मला बघू द्या."

"आन दवाखान्याचा फोन? माझ्यावर काहून आला न्हाई?"

मंजुषा खाली बघत म्हणाली, "नंबर त्यांचा दिलेला हाय मावशी. पहिल्यापासून."

नऊ दिवस. जनकाबाईने मनातल्या मनात ते नऊ दिवस उलटे मोजले. उंबऱ्यात बसून, मोबाईल मांडीवर घेऊन, बाहेरगावच्या लग्नाला न जाता, रात्री उशीखाली ठेवून. कधी वाजणारच नव्हता तो. तिला रडू यावं असं वाटलं, पण आलं ते वेगळंच. ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत.

"त्या कंपनीच्या बाईला मी व्हय बाई, व्हय बाई करून राहिले व्हते," ती म्हणाली.

मंजुषालाही हसू फुटलं आणि मग दोघी एकदम थांबल्या.

"दिपकला दोष न्हाई," जनकाबाई म्हणाली. "त्यानं लई केलं. त्याला वाटतं, म्हातारीला तकलीफ नको. मीबी त्येच केलं व्हतं."

"काय केलं व्हतं?"

जनकाबाईने डबा बाजूला सारला. हे ती बारा वर्षांत कुणाशी बोलली नव्हती, त्यामुळे सांगताना तिला शब्द शोधावे लागत होते, आणि मधे मधे ती भलतंच काही सांगायची, त्या वर्षी तूर कशी होती, गाय कधी व्याली. उत्तमरावाच्या गळ्यात गाठ निघाली होती. डॉक्टरने तिला आणि दिराला बाहेर बोलवून सांगितलं, पाच-सहा महिने. दोघांनी ठरवलं, त्याला सांगायचं नाही. जखम आहे, वाळायला टाइम लागतो, असं सांगायचं. पाच महिने ती तेच सांगत राहिली. तो बाजेवर पडून पुढच्या सालच्या बेण्याची गोष्ट काढायचा आणि ती हो ला हो करायची.

"एक दिवशी म्हणले, अमरसिंगला बोलाव," जनकाबाई म्हणाली.

अमरसिंग पलीकडच्या तांड्यावरचा. उत्तमरावाचा लहानपणापासूनचा दोस्त, दोघांनी मिळून गुरं वळलेली. बांधावरून काहीतरी झालं आणि सहा वर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं.

"मला वाटलं, एकदम अमरसिंगला बोलावलं तर ह्यांना कळल. की आता काय उरलं न्हाई म्हणून बोलावलं. मी म्हणले, पुढच्या हप्त्यात बोलवू, तुमी जरा उठून बसा. दोनदा इचारलं त्यांनी. मग तिसऱ्यांदा इचारलं न्हाई. भिताडाकडं तोंड करून निजले."

नळावर कुणीतरी पाणी पिऊन गेलं होतं, तोटी पुन्हा टपटपत होती.

"मातीला आला व्हता अमरसिंग. लांब उभा व्हता, बोरीखाली. एवढा मोठा माणूस, लेकरावानी रडला."

"त्यांना कळलं व्हतं का मावशी? उत्तमकाकांना?"

"तेच तर कळलं न्हाई मला. कळलं असल तर ते एकटेच समजून बसले, आन मी एकटीच. एका घरात, एका भिताडाला टेकून. पाच महिने." तिने नाक पदराने पुसलं. "मी दर एकादशीला इथं काहून येते, बायका इचारतात. काय सांगू? घरात आमचं बोलायचं ऱ्हाऊनच गेलं, ते बसू देत न्हाई, म्हणून चालत ऱ्हाते."

मंजुषाने तिच्या पाठीवर हात ठेवला. काही निघणार नाही, हे तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते तिने गिळलं.

उन्हाची तिरीप ओट्यावर आली, दोघी सरकून सावलीत बसल्या. सेनगावची जीप रस्त्यावर येऊन उभी राहिली होती, ड्रायव्हर हात वर करून हाका मारत होता, "चला चला, दोनच शिटा!" मंजुषा उठायला लागली तशी जनकाबाईने तिच्या लुगड्याची कड धरली.

"बस. दुसरी येईल. पहिलं ऐक."

मंजुषा बसली.

"उद्या मला नांदेडला घेऊन चल. दिपकलाबी घेऊ, त्याला टाळायचं न्हाई. रागवला तर माझं नाव सांग. डॉक्टरनं नातेवाईक कोण म्हणून बोलावलं की मी सोता उठते. पण मंजे, डॉक्टर बोलाया लागला की माझ्या कानात पंख्यावानी गरगर व्हतं. एक अक्षर ध्यानात ऱ्हात न्हाई. म्हणून तू माझ्याजवळ बस. तुझी वही आण संगं. तो जे बोलल ते लिहून घे."

"मावशी, ते इंग्लिशमधी बोलतात. माझं शिक्षण मराठीतलं..."

"त्याला म्हणायचं, मराठीत सांग. त्याचीबी माय मराठीच बोलत असल." जनकाबाईचा आवाज पुलावरच्यासारखाच कडक झाला होता. "अंगणवाडीतल्या लेकरांची वजनं तू लिहितीस न? कमी भरलं तर कमीच लिहितीस. त्याची आई रडली म्हणून वाढवून लिहितीस का?"

"न्हाई."

"तसंच लिही. किती दिवस म्हणला तर दिवसाचा आकडा लिही. मला काही कामं करायची हायेत, कुणाला काही बोलायचं ऱ्हायलंय. ते कोणतं, ते तुला आज सांगत न्हाई. चांगलं निघालं तर सांगायची गरजच न्हाई. पण मला मोजून पाहिजे. अंदाजानं नको."

जीप भरली आणि धूळ उडवत निघून गेली. मंजुषा तिच्याकडे बघत होती आणि ती रस्त्याकडे.

"आन बाहेर आलो की कुठं तरी झाडाखाली बसू. तिथं मला पहिल्यापासून वाचून दाखव, एक डाव, सावकाश. मधी थांबू नको, रडू नको. आन माय, वाचताना माझ्या तोंडाकडं बघू नको. समदं वाचून झालं, मंग बघ."